एकेचाळीस नंबरचे डोळे

१

मंगळवार हा आमच्या गावचा बाजाराचा दिवस. साताऱ्याहून सांगलीकडं जाणारा रस्ता आमच्या पेठेतूनच जातो आणि माझा स्टुडिओ त्याच पेठेच्या चौकात, भांड्यांच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर आहे. खिडकी उघडली की अख्खा बाजार खाली पसरलेला दिसतो. डावीकडं बांगड्यावाल्या, मध्ये भाजी, उजवीकडं गुळाची अडत आणि तिच्यासमोर तोलाचा मोठा चौकोनी दगड. तेवीस वर्षं मी त्या खिडकीत बसून चहा प्यायलो, पण तिथून एखादा फोटो काढावा असं कधी मनात आलं नाही. बाजाराचा फोटो घेऊन कोण काय करणार?

शहात्तरच्या फेब्रुवारीत साहेब आले, तेव्हा कळलं की घेणारे असतात. आणीबाणी लागून आठ महिने झाले होते. साहेब कुठल्या कचेरीचे हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या दिवसांत न विचारण्याचीच रीत होती. माणूस बोलायला मऊ, कपडे साधे, खिशात एक भिंग. त्यांना हवं होतं ते एवढंच. दर मंगळवारी अकरा वाजता खिडकीतून बाजाराचा एक फोटो काढायचा, तो मोठा करायचा, जी तोंडं स्पष्ट दिसतील त्यांच्यावर शाईनं नंबर घालायचे आणि वेगळ्या कागदावर नंबराप्रमाणे नावं लिहायची.

"अहो, गावातला प्रत्येक माणूस तुमच्यासमोर बसून गेलाय," साहेब म्हणाले. "तुमच्याइतकी ओळख कुणाला असणार? पुढं मोठ्या गावांत चौकाचौकांत ही सोय होईल. आपल्याकडं सुरुवात तुमच्यापासून."

मला बरं वाटलं, हे कशाला लपवू? लग्नाचे आणि शाळेचे फोटो काढून कंटाळलेल्या माणसाला कुणीतरी जाणकार म्हटलं होतं. मग उठता उठता साहेबांनी खिशातून एक अर्धा फोटो काढून टेबलावर ठेवला. ह्या एका माणसाकडं विशेष लक्ष ठेवा म्हणाले. फोटो मीच काढलेला होता. नवरदेवाचा अर्धा भाग होता, नवरीचा कापून टाकलेला. ती नवरी म्हणजे माझी धाकटी बहीण लीला.

२

कृष्णात, म्हणजे आमचे दाजी, साखर कारखान्यात फिटर होते. कामगारांच्या सभेत एकदा तावातावानं बोलले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायला गाडी आली. ते मागच्या दारानं उसात शिरले ते शिरलेच. सहा महिने कुठं होते, मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. लीला माझ्याच घरी, स्टुडिओखालच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत, राहायला आली होती. ती दर मंगळवारी पिशवी घेऊन बाजाराला जायची आणि येताना तिचा चेहरा जरा उजळलेला असायचा. बाजाराची हवा लागली असेल, असं मी मनाला सांगत होतो.

पहिले दोन मंगळवार नीट गेले. तिसऱ्या मंगळवारी मी अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली कागद औषधात हलवत होतो. बाजार हळूहळू वर आला आणि बांगड्यावालीच्या मागं दाजी उभे दिसले. डोक्याला मुंडासं, दाढी वाढलेली, पण नाक आणि कपाळ लपणार कसं? त्यांच्याजवळ पाठमोरी लीला होती.

दाजींचं तोंड खोडून टाकलं असतं तर साहेबांच्या भिंगाखाली ते आधी दिसलं असतं. तोंड बदलणंच भाग होतं, आणि ते काम मला येत होतं. आमच्या भागात घरटी एक पोरगा फौजेत. घरच्यांचा फोटो काढायचा असला की सरहद्दीवरच्या पोराचं तोंड मी जुन्या फोटोतून पात्यानं कापायचो, मधल्या रिकाम्या जागी चिकटवायचो, कडा ब्रशनं बुजवायचो आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढायचो. मग आईलासुद्धा जोड दिसत नसे.

दुसरं एक काम होतं, ते फार कुणी सांगत नाही. माणूस गेला आणि त्याचा एकही फोटो नसला, तर मला बोलवायचे. मयताला फेटा बांधून खुर्चीत बसवायचे आणि मी फोटो काढायचो. नंतर कागदावर बारीक ब्रशनं त्याचे मिटलेले डोळे उघडायचो. माझे उस्ताद लालासाहेब ह्यांनीच मला हे शिकवलं. त्यांनी एकच नेम घालून दिला होता. जित्या माणसाच्या बुबुळात खिडकीचा उजेड पडतो, त्याचा पांढरा टिपका दिसतो. तो टिपका मयताच्या डोळ्यात द्यायचा नाही. का, म्हणून मी विचारलं होतं. घरच्यांना झोप लागत नाही, एवढंच ते म्हणाले. मी तो नेम वीस वर्षं पाळला.

तोंड कुणाचं घ्यायचं? जित्या माणसाचं घेतलं तर त्याच्या मागं लागणार. मयताला कोण धरून नेणार? मला केरबा हमाल आठवला. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गेला होता, मूलबाळ नाही, बायको बनुबाई माहेरी जतकडं गेली असं ऐकलं होतं. त्याचा खुर्चीतला फोटो माझ्याकडं होता. मी त्याचं तोंड मापात लहान छापून दाजींच्या मुंडाशाखाली बसवलं आणि भिंग लावून बघितलं. भरल्या बाजारात तेवढं एकच तोंड मेलेलं दिसत होतं. साहेबांच्या नजरेतून ते सुटलं नसतं. दोन वाजायला आले होते, लीला खाली भाकरी करत होती. मी सगळ्यांत बारीक ब्रश घेतला आणि केरबाच्या दोन्ही डोळ्यांत एकेक पांढरा टिपका दिला.

तोंड लगेच बाजारातलं झालं. मी त्या जोडकामाचा पुन्हा फोटो काढला, नव्या प्रिंटवर त्या तोंडाला एकेचाळीस नंबर घातला, कागदावर लिहिलं, केरबा हमाल. दाजींची मूळ निगेटिव्ह चुलीत घातली.

३

त्या संध्याकाळी लीलाला समोर बसवून सगळं सांगितलं. साहेबांचं, खिडकीचं, दाजी फोटोत आल्याचं. केरबाचं मात्र सांगितलं नाही. तिनं आधी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाली, "मी सांगते त्यांना भाईर पडू नका म्हणून. दादा, हमाल लोकांनी लपवलंय त्यांला. अडतीच्या माळ्यावर हायती, गुळाच्या रव्यांच्या थप्पीमागं."

मला ते ऐकायचं नव्हतं, पण ऐकलं. आता माझ्या खिडकीतून मला रोज तो माळा दिसणार होता.

पुढच्या मंगळवारी मी निर्धास्त होतो. दाजी बाहेर येणार नव्हते, लीला घरी होती. अकराला फोटो काढला. साहेबांचा शिपाई आता प्रिंट हातात पडेपर्यंत दाराशी बसून राहायचा, त्यालाही चहा दिला. आत जाऊन कागद औषधात सोडला. भाजी आली, बैलगाडी आली, तोलाचा दगड आला. दगडाला टेकून कुणीतरी उभं होतं. सगळा बाजार आपापल्या कामात होता, हा एकटा मान वर करून उभा.

मी प्रिंट धुतली आणि उजेडात आणली. केरबा होता. त्याचे डोळे मला ओळखू येणारच, मीच काढले होते. डावा उजव्यापेक्षा केसभर मोठा झाला होता, तो तसाच होता. आणि दोन्ही डोळ्यांत पांढरे टिपके. ते दिसायलाच नको होते. तो सावलीत उभा होता, आणि तसल्या सावलीत जित्या माणसाच्या डोळ्यातसुद्धा उजेड दिसत नाही.

शिपाई दारातून म्हणाला, झालं का? मी झालं म्हणालो.

४

मी देवभोळा माणूस नाही. आमच्या धंद्यात कागदावर काय काय उमटतं ह्याचा मला अनुभव आहे. एक फोटो दुसऱ्यावर चढतो, औषधाचा डाग पडतो, भिंगावर बुरशी येते. एकामागून एक सगळं तपासलं. निगेटिव्ह नवी होती, भिंग स्वच्छ होतं. केरबासारखा दिसणारा कुणी असेल, असं धरून चाललो. भावकीत असतात अशी तोंडं. प्रिंट देताना मी त्याच्यावर नंबरच घातला नव्हता.

पुढच्या मंगळवारी फोटो काढल्यावर कॅमेरा सोडून मी खिडकीत उभा राहिलो आणि नुसत्या डोळ्यांनी तोलाच्या दगडाकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. जीव भांड्यात पडला. मी तसाच बघत राहिलो, आणि मग लक्षात आलं की तिथं खरोखरच कुणी नव्हतं. बाजार ऐन भरात होता, पाय ठेवायला जागा नव्हती, आणि दगडाच्या कडेला एका माणसापुरती जागा मोकळी होती. पाटीवाली बाई तिथवर आली, न बघता जराशी बाजूला झाली आणि पुढं गेली. दोन म्हातारे बोलत आले, तिथं पोचल्यावर एकानं दुसऱ्याचा दंड धरून त्याला अलीकडं ओढलं, बोलणं चालूच. एक शेळीसुद्धा वळसा घालून गेली. कुणालाही विचारलं असतं तर आपण बाजूला झालो हे त्याला आठवलं नसतं.

मी खिडकी लावून घेतली. आत ट्रेमध्ये त्या मोकळ्या जागी केरबा उभा होता, मान वर करून.

५

दोन दिवसांनी दुपारी बनुबाई आली. ती जतला गेलीच नव्हती. गावाबाहेर ओढ्याकाठी खोपट घालून राहत होती आणि लोकांच्या शेतात भांगलणीला जात होती. मी तिकडं कधी बघितलंच नव्हतं. तिला बसायला स्टूल दिलं, ती जमिनीवर बसली.

साहेबांचे दोन शिपाई तिच्याकडं आले होते. केरबा कुठं आहे, फरारी माणसाच्या बायकोशी बाजारात काय बोलत होता, असं विचारत होते. तो तीन वर्षांमागं गेला म्हणून ती सांगत राहिली. पण केरबा गेला ते कुणी कुठं जाऊन नोंदवलंच नव्हतं. त्यांनी तिला दिवसभर एका व्हरांड्यात बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सोडलं. म्हातारीला पाणीही कुणी दिलं नव्हतं. हे सगळं माझ्या ब्रशनं केलं होतं. मला तिच्याकडं बघवेना.

"तुमच्याजवळ फोटू हाय म्हणालं," ती म्हणाली. "मला दावा."

मी दाखवला. तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. घाबरली नाही. बोट हळूच दगडापाशी नेऊन थांबवलं.

"हितंच उभं ऱ्हायाचं. जल्मभर. माळ्यावरनं गुळाचं रवं खाली सोडत्यात न्हवं, ते झेलायला वर बघत उभं ऱ्हायाचं. मान दुखायची लय, रोज त्याल लावायची मी." मग तिनं कागद आणखी जवळ नेला. "आवं नाथाजी, घरातल्या फोटूत ह्यांचं डोळं असं न्हवतं. ह्ये कुणी केलं?"

माझी नजर ब्रशांच्या डब्याकडं गेली. तिला उत्तर मिळालं असावं.

"मिटा की वो त्यांचं डोळं," ती म्हणाली. "कवा झोपायचं मानसानं?"

ती गेल्यावर मी तिसऱ्या मंगळवारचा तो पहिला कागद काढला, ज्यावर मी तोंड चिकटवलं होतं. ओल्या बोळ्यानं टिपके पुसले. पांढरा रंग सहज गेला. पापण्या काढल्या, डोळे मिटले, कागद दाराला खिळ्यानं अडकवून वाळायला ठेवला. मन हलकं झालं. त्याच संध्याकाळी लीलानं विचारलं, दादा, आज बरं वाटतंय का तुमाला? मी हसून होय म्हणालो.

मंगळवारी केरबा दगडाशी होता. डोळे उघडे, टिपके होते तिथंच.

६

साहेब स्वतः आले. त्यांनी चार मंगळवारचे चार फोटो टेबलावर ओळीनं मांडले आणि भिंग काढलं. आधी पहिल्यावरच्या पाठमोऱ्या बाईवर बोट ठेवून म्हणाले, ह्या तुमच्या भगिनी ना? मी मान हलवली. मग ते एकेचाळीस नंबराकडं वळले. पुढच्या फोटोंत नंबर नव्हता, तरी त्यांनी त्याला बरोबर हुडकून पेन्सिलीनं गोल काढले होते.

"आधी आम्ही ह्या माणसाला शोधत होतो," ते म्हणाले. "त्याची बायको म्हणते मेला. शेजारीही म्हणतात मेला. ठीक आहे, मेला. पण नाथाजीराव, तुम्ही एक गोष्ट बघितली का? सगळा बाजार वस्तूंकडं बघतोय, हा पहिल्या फोटोनंतर दर खेपेला वर बघतो. एकाच जागी. काय आहे तिकडं?"

साहेब उठून खिडकीपाशी गेले, हातातला फोटो समोर धरला आणि केरबाच्या नजरेच्या रेघेनं बोट फिरवत नेलं. बोट बाजारावरून वर चढलं, अडतीच्या कौलांपाशी गेलं आणि माळ्याच्या बंद झडपेवर थांबलं.

मी म्हणालो, हमाल आहे साहेब, त्याची सवय आहे ती, गूळ खाली सोडतात म्हणून. मेलेल्या माणसाच्या सवयीचा मी खुलासा करत होतो, आणि ते ऐकून साहेबांना काहीच वावगं वाटलं नाही. त्यांनी फोटो गोळा केले आणि जिना उतरून गेले.

मी धावत खाली जाऊन लीलाला सांगायला हवं होतं. शिपाई जिन्यात बसला होता. मी खिडकीत उभा राहून बघितलं. अर्ध्या तासात अडतीला वेढा पडला. दाजींना खाली आणलं तेव्हा त्यांच्या अंगाला गुळाचा चिकटा होता आणि माश्या घोंगावत होत्या. उजेडानं त्यांनी डोळे बारीक केले होते. तोलाच्या दगडाजवळून नेताना शिपायांची रांग थोडी वाकडी झाली, एका माणसाला सोडून पुढं गेल्यागत. लीला तोवर कुठूनशी धावत आली होती. ती ओरडली नाही, नुसती त्यांच्या गाडीमागं चालत राहिली.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी शिपायाबरोबर निरोप पाठवला. तुमच्या एकेचाळीस नंबरचे आभार माना. तो आता आमच्याकडं कामाला आहे.

थट्टा असेल. साहेब थट्टा करणारे वाटत नव्हते.

७

त्यानंतर माझी खिडकी त्यांनी बंद केली नाही, पण आता इतर गावचे फोटोही माझ्याकडं यायला लागले. सांगलीच्या एका चौकाचे, कोरेगावच्या एस.टी. स्टँडचे, वाईच्या घाटाचे. कुणाकुणाच्या माड्यांवरून, गच्च्यांवरून काढलेले. ओळखीचं कुणी दिसलं तर लिहा, एवढंच काम. मी भिंग लावतो आणि कुणाचंही नाव लिहीत नाही. फक्त मधली मोकळी जागा बघतो. स्टँडवर रांगेला खंड पडलेला असतो, घाटावर पायऱ्यांवरच्या बायका दोन्हीकडं सरकलेल्या असतात. तिथं तो असतो. सांगली त्यानं हयातीत बघितली नसेल. आता तो वर बघत नाही, गर्दीतल्या एखाद्या माणसाकडं बघतो. कुणाकडं बघतो हे मी साहेबांना सांगत नाही. त्यांना सांगायची गरज पडत नाही, ते त्याच्या नजरेच्या रेघेनं बोट नेतात.

दाजी येरवड्याला आहेत. जेलमध्ये बायकोचा फोटो जवळ ठेवायची परवानगी मिळाली, असं पत्र आलं. फोटो मात्र साहेबांच्या कचेरीतून शिक्का मारून जायचा. लीला त्या दिवशी न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून वर आली. त्यांना बरं दिसलं पाहिजे म्हणाली. कितीतरी महिन्यांनी तिनं आरशात बघून कुंकू नीट केलं. दाजींना कुणी दाखवून दिलं हे तिनं मला एकदाही विचारलं नव्हतं. तिला ठाऊक नाही ह्याचं मला जेवढं बरं वाटतं, तेवढंच माझं मन मला खातं.

मी तिला पडद्यापुढं स्टुलावर बसवलं आणि काळा कपडा डोक्यावर घेतला. आमच्या जुन्या कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर माणूस उलटा दिसतो, पाय वर, डोकं खाली. लीला उलटी दिसत होती, हात मांडीवर, हसू ओठात धरलेलं. तिच्या डाव्या बाजूला आणखी कुणीतरी उलटं होतं. अंधुक. मी भिंग पुढं सरकवलं. मुंडासं स्पष्ट झालं, मग त्याच्या वर दोन पांढरे टिपके.

ते माझ्याकडं रोखलेले नव्हते. तो मान कलती करून लीलाकडं बघत होता.

मी कपडा टाकून बाहेर आलो. पडदा होता, स्टूल होतं, लीला होती. तिच्या डाव्या बाजूला कुणी नव्हतं. फक्त मी बसवलं होतं तिथून ती वीतभर उजवीकडं सरकली होती आणि तिकडचा पदर तिनं आवरून घेतला होता.

"दादा, काढला का?" तिनं विचारलं.

फोटोची काच मी कॅमेऱ्यात घातलीच नव्हती. तरी काढला म्हणालो. अंधाऱ्या खोलीत जाऊन थोडा वेळ उभा राहिलो आणि येऊन सांगितलं की काच खराब निघाली.

दर आठ दिवसांनी ती तेच लुगडं नेसून वर येते, दाजी वाट बघत असतील म्हणते. मी तिला स्टुलावर मधोमध बसवतो, काळा कपडा डोक्यावर घेतो, फोटोची काच घालत नाही. आणि बाहेर येऊन बघतो तेव्हा दर खेपेला ती थोडी उजवीकडं सरकलेली असते.